सहावं नाव

प्रिय लवंगे,

तुझं पार्सल पोचलं. वॉर्डसाठी शिवलेले उशांचे अभ्रे असणार आत, वरून चाचपूनच कळलं. मी ते अजून उघडलेलं नाही. टेबलाच्या कडेला पडून आहे, आणि आत येणारी प्रत्येक सिस्टर विचारते, मेट्रन, सोडू का दोरी? मी म्हणते, राहू दे. सोबतची चिठ्ठी मात्र वाचली. ‘शिडे, तू माझ्यावर जे उपकार केलेस ते मी मरेपर्यंत विसरणार नाही,’ असं लिहून खाली तू दोन रेघा ओढल्यास. एक ओढली असतीस तरी चाललं असतं गं. त्या दुसऱ्या रेघेने माझी झोप उडवली.

आज दुपारी बाहेरच्या रुग्णांची गर्दी ओसरल्यावर दार लोटून बसले आहे. शिपायाला सांगून ठेवलंय, आग लागली तरच हाक मार, आणि लहानशी असली तर तूच विझव. मी पत्रं लिहिणारी बाई नव्हे हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? माझी पत्रं म्हणजे मी बरी आहे, तू बरी अस, पोरगी बरी आहे, काम फार. या खेपेला तेवढ्यावर भागायचं नाही. सगळं ओळीने सांगायला हवं, आणि ओळीने सांगायचं तर तुला माहीत असलेलंही थोडं मध्ये येईल. येऊ दे. ते लिहिलं की पुढचं लिहायला मला जरा धीर येईल.

आपण हॉस्टेलच्या दारात ट्रंका घेऊन उभ्या होतो तो दिवस घे. मी ताडमाड, तू माझ्या कोपराएवढी. दार उघडणारी बाई आपल्याला वरून खाली आणि खालून वर बघून म्हणाली, शिडी आली, लवंगी मिरचीही आली. आपल्या आईबापांनी ठेवलेली नावं त्या उंबऱ्याबाहेरच राहिली. त्या वेळच्या मेट्रनला आपण तोफ म्हणायचो. चादरीचा कोपरा जरा सैल दिसला की ती अख्खी खाट उसकटून टाकायची आणि म्हणायची, पुन्हा. तुला सुट्टी हवी होती म्हणून तू थर्मामीटर गरम चहात बुडवलास, आणि म्हातारे डॉक्टर तो उजेडात धरून शांतपणे म्हणाले होते, ही मुलगी वारलेली आहे, हिला खाली शवागारात न्या. तोफ तेव्हा हसू दाबायला भिंतीकडे तोंड करून उभी राहिली होती. आता तिच्या खुर्चीत मी बसते. पोरी मला काय म्हणतात ते मला माहीत नाही. तोफेपेक्षा बरं काही असेल अशी आशा नाही.

मग ते पहिलं युद्ध आलं आणि आपल्याला सीमेजवळच्या त्या गावात धाडलं. हॉस्पिटल म्हणजे गावातलं सिनेमागृह. खुर्च्या उपटून खाटा मांडलेल्या, आणि जमीन पडद्याकडे उतरती. पहिल्या दिवशी एका जवानाची खाट चालायला लागली आणि तो ओरडला, सिस्टर, मी चाललो! आपल्याला वाटलं, गेला. बघतो तर खाटेसकट पडद्याकडे चाललेला. मग आपण प्रत्येक खाटेच्या खालच्या पायांखाली विटा लावल्या. जमीन धुतली की पाणी आपोआप पडद्यापाशी जमायचं आणि ते कसल्या रंगाचं असायचं ते दोघींनाही सांगायला नको. तिथे तू माझ्यापेक्षा चांगली होतीस. हे मी तुझं मन राखायला म्हणत नाही. जखमी आत आला की कुणाला आधी घ्यायचं हे तुला दारातच कळायचं. मी नाडी धरून मोजत बसायचे तोवर तुझ्या बाह्या सरसावलेल्या असायच्या.

आणि मग गोळा पडून ते छत खाली आलं. मी तेव्हा बाहेरच्या आवारात पाणी उकळत होते, तू आत होतीस. लोकांनी तुला ढिगाऱ्यातून बाहेर काढलं तेव्हा तुझ्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता. सगळे म्हणाले, नशीबवान. पण ज्या हातांनी तू बोलता बोलता शीर शोधायचीस त्या हातांना त्यानंतर साधी सुई धरवेना, आणि छताखाली बसलं की तुझा श्वास अडकायला लागला. तुला घरी पाठवलं. गाडीत बसवताना मी म्हटलं, बरी होऊन लवकर ये. तू पुन्हा येणार नाहीस हे आपल्या दोघींना कळलेलं होतं.

आता एक गोष्ट लिहिते, जी मी तुझ्यासमोर कधी बोलले नाही. मला ते युद्ध मानवलं, लवंगे. माणसं मरत होती, मी रडतही होते, पण सकाळी उठून कामाला लागताना मला बरं वाटायचं. तू गेल्यावर तुझा वॉर्ड माझ्याकडे आला. मग सगळं सिनेमागृह आलं. युद्ध संपल्यावर कोटावर पदक आलं, इथली सिस्टरची जागा आली, मग सहायक मेट्रन, मग ही खुर्ची. गरम पाण्यासाठी, जास्तीच्या चादरींसाठी, रात्रपाळीच्या पोरींना बसायला स्टूल मिळावं म्हणून मी सुपरिंटेंडेंटशी वर्षानुवर्षं भांडले आणि बहुतेक वेळा जिंकले. लग्न राहून गेलं, त्याचं वाईटही फारसं वाटलं नाही. ज्या आगीत तुझे हात गेले तिच्यावर माझी भाकर भाजली गेली, हे मात्र अधूनमधून टोचायचं. तुझ्या शिवणकामाच्या दुकानाबाहेर, तुझ्या त्या ओट्यावर बसून चहा पिताना जास्तच टोचायचं. तू पायाने मशीन चालवत गप्पा मारायचीस आणि मी मनात म्हणायचे, हिच्यासाठी आपल्याला काहीतरी करता यायला हवं.

तुझे यजमान, आपले मास्तर, गेले तेव्हा तुझी लेक एवढीशी होती. पुढे ती नर्सच व्हायचं म्हणून हटून बसली. तू तिच्याशी महिनाभर अबोला धरलास, आणि शेवटी मलाच लिहिलंस की निदान तुझ्या नजरेखाली राहू दे. मी तिला घेतलं. चारचौघांत ती मला मेट्रन म्हणायची, तुम्ही म्हणायची. दार लागलं की मावशी आणि तू. रविवारी माझ्या खोलीत येऊन माझ्याच पलंगावर पाय पसरून माझ्याच वॉर्डांतल्या गैरसोयी मला सांगायची. काम तर असं, की सर्जन तिच्याशिवाय मोठी शस्त्रक्रिया घ्यायला कुरकुरायचे. तुझे हात तिच्यात आले आहेत. मला हे तुला किती वेळा सांगावंसं वाटलं, पण तुला ते ऐकायला आवडणार नाही म्हणून गप्प राहिले.

या खेपेची लढाई सुरू झाल्याची बातमी आली आणि दुसऱ्याच सकाळी तू दारात हजर. पहिली बस पकडून आली होतीस. माझ्या ऑफिसात बसवेना म्हणून खुर्ची दारात ओढून घेतलीस, अर्धी आत, अर्धी व्हरांड्यात. तू काय म्हणालीस ते मला अक्षर न् अक्षर पाठ आहे. म्हणालीस, “शिडे, मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. आज मागते. ती हात वर करेल, माझीच पोर आहे. तू तिला पाठवू नकोस. आणि मी आले होते हे तिला कळू देऊ नकोस.” मी म्हटलं, एवढंच ना? जा, निर्धास्त जा. खरं सांगू, तुला बसमध्ये बसवून परत येताना माझी पावलं हलकी पडत होती. इतक्या वर्षांनी तू काही मागितलंस आणि ते द्यायला मला जागचं उठायचीही गरज नव्हती.

पुढच्याच आठवड्यात लष्कराचे एक कर्नल आले. आघाडीजवळच्या हॉस्पिटलला सहा सिस्टर हव्या होत्या. जेवणघरात सगळ्यांना बोलावून त्यांनी विचारलं आणि कर्नलांचं वाक्य संपायच्या आत तुझ्या लेकीचा हात वर. तिच्यामागे आणखी काही हात वर गेले. मग माझ्या ऑफिसात ते आणि मी बसलो. पाच जणी ठरायला काही वेळ लागला नाही. तयार होत्या, धीट होत्या, पाठवण्यासारख्या होत्या. मग ते म्हणाले, ऑपरेशन थिएटरचं काम येणारी एक तरी द्या, ती पुढे बसलेली मुलगी कशी आहे? मी म्हटलं, ती सोडून मागा. तिच्यावाचून माझं थिएटर बंद पडेल. ते बिचारे सरळ माणूस, लगेच पटलं त्यांना. म्हणाले, मग सहावी तुम्हीच सुचवा. कुणीही चालेल.

माझ्या टेबलासमोरच्या खिडकीतून मागचं आवार दिसतं. तिथून एक सिस्टर धुतलेल्या बाटल्यांचा ट्रे घेऊन चालली होती. मध्येच थांबली, ट्रे कठड्यावर ठेवला, आणि बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या रुग्णाच्या बुटाची सुटलेली नाडी खाली बसून बांधायला लागली. मी तिचं नाव सांगितलं.

ही कोण ते तुला सांगायला हवं. आम्ही तिला गोगलगाय म्हणायचो. म्हणजे मीच ते नाव ठेवलं. इतरांच्या चार खाटा लावून होतात तोवर हिची एक. एकदा वैतागून मी भर वॉर्डात ओरडले, अगं गोगलगाय, चाल की जरा! सगळे हसले, तीही हसली, आणि ते नाव तिला चिकटलं. कामात चूक कधी नसायची, फक्त वेळ लागायचा. रुग्ण मात्र तिच्यासाठी थांबायचे. इंजेक्शन म्हटलं की म्हणायचे, त्या हळू ताई येऊ देत. तिने हात वर केला नव्हता. खालीही केला नव्हता म्हण हवं तर, मांडीवर ठेवून बसली होती, सांगतील ते करू म्हणणाऱ्या मुली बसतात तशी.

तिचंच नाव का सुचलं हे मी त्यानंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. ती समोर दिसली, हे खरं. हळू असल्याने तिच्यावाचून इथलं फारसं अडणार नव्हतं, हेही खरं. पण त्याच्याही खाली आणखी एक कारण होतं, आणि ते तुलाच सांगू शकते. तिच्यासाठी माझ्याकडे शब्द टाकायला कुणी येणार नव्हतं. पहिली बस पकडून माझ्या दारात खुर्ची ओढून बसणारी आई तिला नव्हती. म्हणजे आई होती. पण तिला मेट्रनच्या दारापर्यंत यायचं सुचलं नसतं, सुचलं असतं तरी धीर झाला नसता. हे सगळं मी त्या क्षणी धरून चालले होते.

तिला बोलावून सांगितलं. ती उभी राहिली, विचार करायलाही तिला जरा वेळच लागला. मग म्हणाली, मेट्रन, मला जमेल का तिथे? मी हळू आहे. मी म्हटलं, जमेल. ती म्हणाली, तुम्ही म्हणता म्हणजे जमेल. आणि चेहरा असा उजळला तिचा, की मला दौत-टाक, कागद, काहीतरी उचलून त्याच्याकडे बघत बसावं लागलं. आईला भेटून येण्याइतका वेळही नव्हता. तुझी लेक दोन दिवस माझ्यावर फुगून होती. मी थिएटरचं कारण सांगितलं, तिने ते गिळलं, आणि तुला लिहिलं असणार की मावशीने मला अडकवून ठेवलं. ते वाचून तू अभ्रे शिवायला घेतलेस.

गोगलगाय गेली, लवंगे. कर्नलांनी स्वतः फोन केला. जखमींना मागे आणणाऱ्या गाड्यांवर तोफगोळे पडले, त्यातल्या एका गाडीत ती होती. म्हणाले, तुमची ती सावकाश चालणारी सिस्टर. तिथे गेल्यापासून सगळे तिलाच मागत होते. भाजलेल्यांची मलमपट्टी तिच्याइतक्या हलक्या हाताने कुणी सोडवत नव्हतं. मी म्हटलं, हो. फोन ठेवला आणि राउंडला गेले. स्वयंपाकघरात दूध पातळ आहे म्हणून आचाऱ्याला फैलावर घेतलं. इतकं बोलले त्याला, की तो बिचारा माझ्याकडे बघतच राहिला.

तीन आठवड्यांपूर्वी तिची आई आली, हॉस्टेलवरची ट्रंक न्यायला. एका लॉन्ड्रीत इस्त्रीचं काम करते. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग. अशीच खालमानेने दारात उभी राहिली, बसा म्हटलं तरी बसेना. तुझी लेक ट्रंक उचलून घेऊन आली. दोघींच्या खोल्या शेजारी शेजारी होत्या. आईने तिथेच जमिनीवर बसून ट्रंक उघडली, एकेक वस्तू बघितली. सिस्टरची टोपी हातात घेतली, बोटांनी कड दाबून बघितली आणि आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, खळ जास्त झालीय. मग माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता विचारेल. काय उत्तर द्यायचं ते मी रात्रंदिवस जुळवत होते. तिने काही विचारलं नाही. ती म्हणाली, “बाई, माझ्या पोरीला सगळे मंद म्हणायचे. शाळेत म्हणायचे, शेजारी म्हणायचे, मीपण म्हणायची. तिचं पत्र आलं, आई, इतक्या सगळ्या सिस्टरांमधून मेट्रननी मला निवडलं. मी ते लॉन्ड्रीत सगळ्या बायांना वाचायला लावलं. तुम्ही तिला ओळखलंत. मी आई असून नाही ओळखलं.” आणि तिने माझा हात तिच्या दोन्ही हातांत धरला.

मी काय केलं असेल? काही नाही. उभी राहिले. तोंड उघडलं असतं तर खरं बाहेर पडलं असतं, किंवा त्याहून वाईट, एखादं शोभेलसं खोटं. युद्धात माणसांच्या तोंडावर खोटं बोलायला मी शिकले होते, पाय राहील, डोळा राहील, घरी जाशील. त्या दिवशी तेही जमलं नाही. तिला ते माझं दुःखच वाटलं. उलट मलाच म्हणाली, जिवाला लावून घेऊ नका, बाई.

रिक्षापर्यंत ट्रंक पोचवून तुझी लेक परत आली आणि तिने दार लावून घेतलं. बाकी सगळं तिच्या डोक्यात तोवर जुळलं होतं. गोगलगायीने हात वर केला नव्हता हे तिला ठाऊक होतं, मग मेट्रननी निवडलं म्हणजे काय हे तिला कळायला वेळ लागणार होता थोडाच. म्हणाली, “मावशी, आई आली होती ना तुझ्याकडे?” मी नाही म्हणू शकले असते. तुला तसा शब्दही दिला होता. पण त्या बाईच्या हातांची ऊब माझ्या हाताला अजून होती. मी म्हटलं, हो. ती म्हणाली, “आणि तुम्ही ऐकलंत.”

तुम्ही. दार बंद होतं, खोलीत आम्ही दोघीच होतो. तेव्हापासून तिने मला एकदाही मावशी म्हटलेलं नाही. आरडाओरडा करेल, रडेल, तुझ्यासारखी हातातलं भांडं आपटेल असं वाटलं होतं. त्यातलं काही नाही. राउंडला भेटली की सरळ उभी राहते, विचारलं तेवढं सांगते, आणि कामाला लागते. रविवारी माझ्या पलंगावर कुणी पाय पसरत नाही.

मला ते सहन होईना. एक दिवस तिला बोलावून सांगितलं की मी त्या बाईकडे जाते, लॉन्ड्रीत जाऊन तिला सगळं खरं सांगते. मला वाटलं, हे ऐकून पोरगी थोडी तरी निवळेल. ती म्हणाली, “कशासाठी? तिच्याकडे तेवढंच उरलंय. तुम्हाला हलकं वाटावं म्हणून तेही काढून घेणार?” तुझी जीभ आहे तिला, लवंगे. बरोबर तिथेच लागते. मी गेले नाही. जाणारही नाही. ती बाई जन्मभर मला दुवा देत राहील आणि मी तो घेत राहीन, याहून मोठी शिक्षा कुणी ठरवून दिली असती तरी मला सुचली नसती.

तू हे वाचताना स्वतःला दोष देत असशील, तर तो देऊ नकोस. तुझं काहीच चुकलं नाही. पोटच्या पोरीसाठी आईने मागायचं नाही तर कुणी मागायचं? तू मागितलंस ते ठीकच होतं. नाही म्हणायचं काम माझं होतं. त्यासाठी मला ही खुर्ची दिलेली आहे. आणि मी तुला नाही म्हणू शकले नाही, त्याला कारण फक्त माया नव्हती. मला तुझं देणं फेडायचं होतं, आणि फेडताना मी दुसरीच्या पदरातलं उचलून दिलं. एवढं मला आता नीट कळतं. कळून उपयोग नाही, पण कळतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. कर्नलांनी गेलेल्या सिस्टरच्या जागी दुसरी मागितली, आणि पुन्हा थिएटरचं काम येणारीच मागितली. तुझी लेक त्याच दुपारी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, गोगलगायीचं ऋण वगैरे बोलेल, मग मी तिला समजावेन, असल्या भरात माणसाने जाऊ नये म्हणेन. तिने मला ती सोय ठेवली नाही. म्हणाली, तिथे पोटाच्या जखमा येताहेत, ते काम मला येतं, इथे ज्यांना मी शिकवलंय त्या दोघी माझं काम सांभाळतील, बाकी काही कारण शोधू नका. मी रात्रभर दुसरं नाव शोधलं. नावं होती. प्रत्येक नावाशी कुणीतरी लॉन्ड्रीत इस्त्री करत उभं असलेलं दिसायचं. सकाळी मी हो म्हटलं. ती आज पहाटे गेली, लवंगे. गाडीपर्यंत मी गेले होते, तिने मला नमस्कार केला आणि म्हणाली, येते, मेट्रन. तिथे पोचल्यावर ती तुला लिहील, पण तिच्या पत्राआधी हे तुझ्या हातात पडावं म्हणून मी घाईने लिहिते आहे, कारण तिला जे बोलशील ते मला आधी बोल. तिला मी पाठवलं. तुला दिलेला शब्द मी मोडला, आणि खरं सांगते, तो मोडला याचं मला वाईट वाटत नाही, दिला होता याचं वाटतं. तू मला कधीच माफ केलं नाहीस तरी मी तुला विचारायला येणार नाही. पण तिच्याशी अबोला धरू नकोस. महिनाभराचा अबोला धरायची तुझी जुनी खोड आहे, आणि तिथे महिना फार मोठा असतो. हे पत्र खाली ठेवलंस की लगेच तिला दोन ओळी लिही. राग त्यात घालू नकोस, तो सगळा माझ्याकडे पाठव. मी इथेच आहे.

तुझीच,
शिडी